पोपटासाठी पेलेट निवडायचं कसं?

कॉकॅटियल या छोट्या पाळीव पोपटाच्या पिंजऱ्यातली मिक्स दाण्यांची वाटी संध्याकाळी उचलून बघा. वरून ती भरलेलीच दिसते. हलकी फुंकर मारली की टरफलं उडतात आणि खरं काय ते कळतं. राळं जवळजवळ सगळं शिल्लक, बाजरी तशीच, करडी थोडीफार खाल्लेली, आणि सूर्यफूल एकही नाही. पाकिटावर भले दहा-बारा धान्यांची यादी असो, पक्ष्यानं त्यातली दोनच खाल्लेली असतात. चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबरं वेचून खाणाऱ्या पोरासारखंच हे आहे. पण त्या पोराच्या पोटात रात्री वरण-भात तरी जातो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यापुढे दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाटी येते.

पेलेट आलं ते या अडचणीवर उपाय म्हणून. धान्य, डाळी, पाल्याची पूड, जीवनसत्त्वं, खनिजं हे सगळं दळून, एकत्र मळून त्याचे एकसारखे दाणे पाडले की वेचायला काही उरत नाही. प्रत्येक घासात तेच जातं. म्हणून पेलेट निवडताना माझ्या लेखी एकच कसोटी खरी आहे: वाटीत काय पडलं हे महत्त्वाचं नाही, पोटात काय गेलं ते महत्त्वाचं. पाकीट कितीही महागाचं असो, पक्षी त्याला चोच लावत नसेल तर त्याच्यासाठी ते बिनकामाचं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला मिठू घरात पाळणं गुन्हा आहे. भारतातल्या रानपोपटांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं, काहीच चालत नाही. झाडावरून पडलेलं पिल्लू किंवा मांजात अडकलेला पोपट सापडला, तर पेलेटच्या शोधात वेळ न घालवता वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यप्राण्यांवर आणि पक्ष्यांवर तिथे उपचार होतात. हा लेख बजी, लव्हबर्ड, कॉकॅटियल, सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी पक्ष्यांपुरता आहे. त्यातही सन कोन्यूर आणि ग्रे हे ‘साइट्स’ (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे त्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्याबद्दलचे नियम २०२४ मध्ये आले. पक्षी घेताना विकणाऱ्याकडून कागद मागून घ्या.

नुसत्या दाण्यात काय बिघडतं

सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांमध्ये वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. शेंगदाण्याचंही तेच. रानातला पोपट दिवसभर उडतो, त्याला असं खाणं पचतं. आपला पक्षी दोन दांड्यांवर दिवस काढतो, त्याच्या यकृतात ती चरबी साठत जाते. बाहेरून तो गुबगुबीत दिसतो, घरचे कौतुक करतात, आणि आत यकृत थकत असतं.

दुसरी बाजू खनिजांची. १०० ग्रॅम सूर्यफूल बियांत कॅल्शियम साधारण ८० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस ६५० च्या पुढे. पक्ष्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावं, इथे फॉस्फरसच आठपट. जास्तीचा फॉस्फरस असलेलं कॅल्शियमही नीट अंगी लागू देत नाही. आफ्रिकन ग्रेमध्ये याचा फटका लवकर दिसतो. पक्षी थरथरतो, दांडीवरून पडतो, कधी झटके येतात. घरातला ग्रे खिडकीच्या काचेआड उन्हात बसलेला असला तरी ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते, हेही बऱ्याच घरांत ठाऊक नसतं.

आणि अ जीवनसत्त्व तर कोरड्या दाण्यात नावापुरतंच. ते कमी पडलं की तोंडाचं, नाकाचं, श्वासनलिकेचं आतलं अस्तर जाड आणि कोरडं होतं आणि जंतूंना वाट मोकळी होते. वारंवार शिंका, नाकपुडीभोवती खरपुडी, तोंडात पांढरे ठिपके ही त्याची ओळख. घरात समजूत अशी होते की कूलरची हवा लागली. औषध चालू होतं, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा शिंका. मूळ वाटीत असतं. बजीला आयोडिनची कमतरता होऊन गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते, तेव्हा श्वासाबरोबर टकटक आवाज येतो आणि खाल्लेलं बाहेर पडतं.

‘जीवनसत्त्वयुक्त’ दाणे मिळतात, पण ते औषध बहुतेक वेळा दाण्यावर वरून फवारलेलं असतं. पोपट दाणा सोलून खातो, त्यामुळे जीवनसत्त्व टरफलासोबत ट्रेमध्ये पडतं.

पाकिटाची मागची बाजू

पाकिटाच्या पुढच्या बाजूला मकाव, फळं आणि धबधबा असतो. तुमच्या कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात.

सगळ्यात आधी पाहा की हे रोजचं खाद्य आहे की विणीच्या काळातलं. विणीच्या आणि वाढत्या पिल्लांच्या पेलेटमध्ये प्रथिनं जास्त असतात, १९-२० टक्क्यांच्या घरात. एकट्या, अंडी न घालणाऱ्या पक्ष्याला वर्षभर ते द्यायचं कारण नाही. रोजच्या खाद्यात १२ ते १८ टक्के प्रथिनं आणि बहुतेक जातींना ४ ते ८ टक्के चरबी पुरते. उदाहरण द्यायचं तर बेल्जियमच्या व्हर्सेले-लागा कंपनीच्या न्यूट्रीबर्ड मालिकेत पी १५ रोजचं आणि पी १९ विणीचं. पाकिटं एकमेकांसारखी दिसतात आणि घाईत चुकीचं उचललं जातं. बजीसाठी त्यांचं बारीक दाण्याचं बी १४ वेगळं आहे. लोरीला तर यातलं काहीच चालत नाही, तो मधुरस आणि पराग खाणारा पक्षी आहे, त्याचं खाद्य निराळं.

मग घटकांची यादी. सहसा ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. मका, गहू, सोयाबीन पहिल्या ओळीत दिसले म्हणून बिचकू नका. धान्याचा पाया जवळपास सगळ्याच पेलेटना असतो. पण पहिल्या चार-पाच घटकांत साखर किंवा कॉर्न सिरप असेल तर ते पाकीट मी परत ठेवते. टिकण्यासाठी काय घातलंय तेही वाचा. ई जीवनसत्त्व म्हणजे टोकोफेरॉल किंवा रोझमेरीचा अर्क असेल तर उत्तम. इथॉक्सिक्विन, बीएचए, बीएचटी ही नावं दिसली आणि पर्याय उपलब्ध असला, तर पर्याय घ्यावा. जीवनसत्त्वांमध्ये ड ३ लिहिलेलं हवं. ड २ पक्ष्यांच्या शरीराला फारसं वापरता येत नाही.

दाणा कसा बनवला, यावर पक्षीप्रेमींमध्ये बरीच भांडणं होतात. एक्सट्रुडेड म्हणजे पीठ वाफ, उष्णता आणि दाब देऊन साच्यातून काढलेलं. यात जंतू मरतात आणि पिष्ट पचायला हलकं होतं. उष्णतेनं काही जीवनसत्त्वं जातात, म्हणून कंपन्या ती हिशोबात धरून घालतात. कोल्ड-प्रेस्ड म्हणजे कमी उष्णतेवर दाबून केलेलं. त्यात मूळ घटक जास्त शाबूत राहतात, पण ते लवकर खवट होतं. फ्रीजरची सोय आणि नियमित ताजा पुरवठा असेल तर कोल्ड-प्रेस्ड छान. नागपूरच्या साध्या घरासाठी मी एक्सट्रुडेडच सुचवेन.

रंगाचं काय? रंगीत पेलेट विष नाही, आणि दाण्यावर वाढलेल्या हट्टी पक्ष्याला कधी कधी रंगच खायला लावतो. पण ते कायमचं नसावं. एक तर त्यात अनेकदा साखर आणि कृत्रिम रंग असतात. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. पक्षी आजार लपवतो, आणि घरच्यांच्या हातात तब्येतीची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे त्याची विष्ठा. लाल-हिरवे दाणे खाल्ले की विष्ठाही रंगते आणि तिच्यातला बदल कळेनासा होतो. झूप्रीमचं फ्रूटब्लेंड रंगीत आहे, त्याच कंपनीचं नॅचरल बिनरंगी. रंगीतवर गाडी सुरू झाली तर दोन-तीन महिन्यांत बिनरंगीवर आणा.

दाण्याचा आकार किरकोळ वाटतो, पण बऱ्याच वेळा गाडी तिथेच अडते. बजीला मोहरीएवढा चुरा लागतो, कॉकॅटियल आणि लव्हबर्डला त्याहून जरा मोठा. ग्रे मोठा दाणा पायात धरून खातो, आणि त्या धरण्यात त्याला मजाही येते.

एक स्वस्तातला मोह टाळा. कोंबड्यांचं खाद्य पोल्ट्रीच्या दुकानात किलोवर मिळतं आणि दिसायला पेलेटसारखंच असतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, कारण तिला जवळपास रोज कवच घडवायचं असतं. पोपटाला एक टक्क्याच्या आत-बाहेर पुरतं, त्याच्या चौपट रोज गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात बऱ्याचदा कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावरचं औषधही मिसळलेलं असतं.

नागपूरचं ऊन आणि नागपूरचा पाऊस

परदेशी व्हिडिओंत सांगितलेलं सगळं इथे जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण तिथे पाकीट थंड, कोरड्या कपाटात असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ऑनलाइन मागवलेलं पाकीट त्या उन्हात बंद गाडीत, मग गोदामात, मग पुन्हा गाडीत फिरून घरी येतं. उष्णतेनं तेल खवट होतं, अ आणि ई जीवनसत्त्वं आधी मरतात. तारखेप्रमाणे माल चांगला असतो, आत मात्र जीव उरलेला नसतो. जमलं तर उन्हाळ्याचा साठा फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत घेऊन ठेवा.

जूनपासून उलटा त्रास. हवा ओली, डब्याचं झाकण सैल, आणि मका-शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी. या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कूलरच्या समोर ठेवलेल्या वाटीचंही तसंच. उन्हाळा असला तरी त्या खोलीची हवा दमट असते, सकाळचे कुरकुरीत दाणे दुपारी मऊ लागतात.

म्हणून बरणीतले सुटे पेलेट घेऊ नका. दुकानदार मोठं पोतं फोडून पाव-पाव किलोच्या पिशव्या करतो, त्यावर ना तारीख ना घटक. कदाचित माल चांगला असेलही, पण कळायला मार्ग नाही. कंपनीचं सीलबंद, लहान पाकीट घ्या, उघडल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांत संपेल एवढंच. एका कॉकॅटियलसाठी तीन किलोची बॅग स्वस्त पडते असं वाटतं, पण ती पावसाळ्यात अर्ध्यावर येते आणि उरलेली फेकावी लागते. फ्रीजरमध्ये ठेवणार असाल तर आठवड्यापुरतं छोट्या डब्यात काढा आणि डबा बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावरच उघडा, नाहीतर गार दाण्यावर पाणी धरतं. नवं पाकीट फोडलं की आधी वास घ्या. ताज्या पेलेटला भाजलेल्या पिठाचा वास येतो. जुन्या तेलाचा खवट वास, जाळी, किडे, पांढुरकी पूड, यातलं काहीही आढळलं तर फेकून द्या.

दाण्यावरून पेलेटवर

खरं काम इथे आहे, आणि इथे घाई केली तर पक्षी जिवाला मुकतो. नागपुरातल्या मनीषनगरच्या एका काकूंनी कॉकॅटियलसाठी चांगलं बिनरंगी पेलेट आणलं आणि दोन दिवसांनी मला फोन केला, “काहून खात नाही गं हा? वाटी तर सारखी वाजवत असतो.” तो वाटी वाजवत होता, दाणे उडवत होता, खात काहीच नव्हता. ज्या पक्ष्यानं जन्मभर टरफलाचे दाणे पाहिले, त्याला पेलेट हे खाणं आहे हेच समजत नाही. ‘भूक लागली की खाईल’ हा नियम माणसाच्या लेकराला लागू पडत असेल, छोट्या पक्ष्याला नाही. बजी दोन दिवस उपाशी राहिला तर मरू शकतो.

आधी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. पाकिटाइतकाच तो गरजेचा आहे. रोज सकाळी, खाणं द्यायच्या आधी, काट्यावर दांडी ठेवून पक्ष्याचं वजन करा आणि वहीत लिहा. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, कॉकॅटियल ८० ते १००, सन कोन्यूर ११०-१२० च्या आसपास, ग्रे ४०० ते ५००. पहिल्या वजनापेक्षा १० टक्के घट आली की थांबायचं आणि जुने दाणे परत द्यायचे. म्हणजे ९० ग्रॅमचा कॉकॅटियल ८१ वर आला की त्या दिवशी प्रयोग बंद.

विष्ठाही बघायची. पेलेट पोटात जाऊ लागलं की ती तपकिरी आणि जरा जास्त होते, पाणीही वाढतं, ते ठीक आहे. ती अगदी थोडी, काळपट हिरवी, चिकट दिसली तर पक्षी उपाशी आहे, मग वाटी कितीही विस्कटलेली असो.

काकूंच्या कॉकॅटियलवर जे चाललं ते सांगते. दाणे दिवसभर ठेवणं बंद केलं. सकाळी आणि संध्याकाळी अर्धा तास दाणे, मधल्या वेळात पेलेट. पेलेट मिक्सरमधून काढून त्याची पूड ओल्या, किसलेल्या गाजरावर आणि चिरलेल्या सांबारावर (म्हणजे कोथिंबिरीवर) भुरभुरवली. पाल्याबरोबर पूड चोचीला लागली, चव ओळखीची झाली. मग पूड जाडसर केली, मग अख्खे दाणे. शिवाय काकू स्वतः त्याच्यासमोर बशीतून दोन दाणे उचलून खाल्ल्यासारखं करत. पोपट कळपाचा पक्षी आहे, घरचं माणूस खातंय ते त्याला हवंच असतं. ओला मऊ खाऊ दोन तासांत काढून टाकायचा, मे महिन्यात एका तासात, नाहीतर तो आंबतो. काकूंना पूर्ण बदलायला दोन महिने लागले. काही पक्षी दहा दिवसांत ऐकतात, काही म्हातारे ग्रे सहा महिने घेतात. आजारी, पिसं झडत असलेल्या किंवा अंड्यावर बसलेल्या पक्ष्यावर हा बदल करूच नका.

पेलेट खाणारा पक्षी पाणी जास्त पितो आणि कित्येक पक्षी दाणे पाण्यात बुडवूनच खातात. त्या पाण्याची तासाभरात पेज होते. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा भांडं धुऊन पाणी बदला. आणि पाण्यात घालायची व्हिटॅमिनची बाटली कपाटात ठेवून द्या. पेलेटमध्ये जीवनसत्त्वं आहेतच, वरून आणखी घातली तर अ आणि ड ३ चा अतिरेक होतो, आणि तोही घातक आहे.

उरलेली वाटी

नुसत्या पेलेटवरही पक्षी ठेवू नये. बहुतेक जातींना रोजच्या खाण्यातलं ६० ते ७५ टक्के पेलेट, बजी आणि कॉकॅटियलला निम्मं असलं तरी भागतं. बाकी भाजीपाला, आणि थोडं फळ. यात नागपूरकरांनी स्वतःला नशीबवान समजावं. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला गल्लोगल्ली आहे, त्यात कॅल्शियमही आहे आणि अ जीवनसत्त्वाचा कच्चा मालही. लाल कोहळं, गाजर, मेथी, सांबार, सगळं चालतं. पालक अधूनमधून, कारण त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. भाजी मिठाच्या पाण्यात नव्हे, साध्या पाण्यात नीट धुवा.

आणि मिरची. पोपटाला मिरची देण्याची आपल्याकडची जुनी सवय अगदी बरोबर होती. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन, आणि ते ओळखणारी जाणीव पक्ष्यांच्या नसांमध्ये आपल्यासारखी नसते. पक्ष्याला जाळ होत नाही, तो गर आणि बिया मजेत खातो. पिकलेल्या लाल मिरचीत अ जीवनसत्त्व तयार करणारे रंगद्रव्य भरपूर असतं, म्हणजे दाण्यात जे नाही तेच. आपल्याच जिल्ह्यातली भिवापुरी लाल मिरची ताजी मिळाली तर आठवड्यातून दोन-तीनदा जरूर द्या, फक्त फवारणीचा अंश जावा म्हणून चांगली धुऊन. संत्र्याची एखादी फोड चालते, फळ गोड असल्यानं तेवढ्यावरच थांबा. अवोकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि फरसाण मात्र चुकूनही नको. समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवून ठेवा, चोचही घासली जाते आणि थोडं कॅल्शियमही जातं.

दाणे पूर्ण बंद करायचे का, असं हमखास विचारतात. मी तरी नाही करत. शिकवताना बक्षीस म्हणून दोन-चार सूर्यफुलं हातावर ठेवली की पक्षी पटकन शिकतो, आणि भरल्या वाटीत ती मिळत नसल्यामुळे त्यांची गोडीही वाढते.

बदल सुरू करण्याआधी पक्षी एकदा तपासून घ्या, विशेषतः तो पाच-सात वर्षं दाण्यावर असेल तर. यकृत आधीच थकलेलं असेल तर उपासाचा थोडा ताणही त्याला झेपत नाही. पक्षी पाहणारे डॉक्टर कमी असले तरी आहेत, आणि सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही दाखवता येतं. जाताना वजनाची वही, पेलेटचं रिकामं पाकीट आणि त्या दिवशीच्या विष्ठेचा ताजा कागद सोबत न्या. डॉक्टरांना तुमच्या सांगण्यापेक्षा या तीन गोष्टींतून जास्त कळतं.